विमान उतरलं, पुढे काय?

‘‘ताई, विमान उतरलं. आता मी कुठं जाऊ?’’

रात्री पाऊण वाजता फोन वाजला की पोटात गोळा येतोच. पलीकडे आमच्या बचत गटातल्या मावशी होत्या. मावशी पेशंट सांभाळायचं काम करतात. वय चोपन्न, शिक्षण सातवीपर्यंत, राहायला कोथरूडच्या सुतारदऱ्यात. २०२५ च्या पावसाळ्यात, त्या ज्या आजींचं करत होत्या त्यांना लेकीनं बंगळुरूला नेलं. आजींना मावशींशिवाय करमेना, म्हणून मावशीही महिनाभर गेल्या. जाताना सगळी मंडळी बरोबर होती, येताना मावशी एकट्या. लेक मोठ्या मनाची. ‘‘एवढं केलंत माझ्या आईचं, रेल्वेनं कशाला धक्के खात जाता?’’ म्हणून तिनं विमानाचं तिकीट काढून दिलं. रात्री नऊ चाळीसला पुण्यात उतरणारं. वाटखर्चाला पाचशेची नोट दिली. साडेअकराच्या आत मावशी घरी पोचायला हव्यात असा हिशेब.

विमान तीन तास उशिरा आलं, आणि तो हिशेब तिथंच कोसळला.

‘‘बाहेर आलात का मावशी?’’ मी विचारलं.

‘‘आले की. सगळे बाहेर निघाले, त्यांच्या मागनं मी पण आले.’’

इथंच चुकलं, पण ते मला नंतर कळलं. विमानतळातून एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही. आत जायचं तर हातात पुढच्या विमानाचं तिकीट लागतं. मावशी आत सामानाच्या पट्ट्याजवळच्या खुर्चीवर बसून राहिल्या असत्या, तर निदान उजेडात आणि पोलिसांच्या नजरेसमोर असत्या. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मलाही कोणी सांगितलं नव्हतं, मग मी त्यांना काय सांगणार?

आमचे हे कामासाठी नाशिकला गेले होते. मी अंथरुणात बसूनच मोबाइलवर टॅक्सी मागवायला घेतली. दुसऱ्यासाठी टॅक्सी मागवणं म्हणजे काय प्रकार असतो, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. गाडी तिकडे, माणूस तिकडे, आणि ड्रायव्हरचा फोन येतो आपल्याला. तो मला विचारतोय, ‘‘मॅडम, कुठं उभ्या आहात?’’ मी मावशींना विचारतेय, ‘‘मावशी, समोर काय दिसतंय?’’ मावशी म्हणतायत, ‘‘खांब दिसतोय.’’ पुण्याच्या विमानतळावर ॲपवरच्या गाड्या समोरच्या एअरोमॉल नावाच्या बहुमजली पार्किंगमधून मिळतात. नाव ऐकून मावशी म्हणाल्या, ‘‘मॉल आता बंद असंल ना ताई?’’ त्यांचंही बरोबरच. पार्किंगला मॉल म्हणायचं कोणाच्या डोक्यातून निघालं असेल कोण जाणे.

पहिल्या ड्रायव्हरनं ‘‘ड्रॉप कुठं? कॅश ना?’’ एवढं विचारलं आणि फोन ठेवून फेरी रद्द केली. दुसरा नकाशावर एका जागी चिकटून बसला. तो रद्द करेना, मी रद्द करेना. जो आधी रद्द करील त्याच्या माथी दंड, त्यामुळे दोघंही एकमेकांची परीक्षा बघत बारा मिनिटं बसलो. तिसऱ्यानं सरळ सांगितलं, ‘‘ॲपवर तीनशे सत्तर दाखवतंय ते विसरा. साडेसहाशे होतील. आणि वर चढावर गल्लीत येणार नाही.’’ मी हो म्हटलं असतं. पण रात्री दीड वाजता चढाच्या खाली, मुख्य रस्त्यावर एका बाईला बॅगेसकट उतरवून जाणार असेल, तर त्या टॅक्सीचा उपयोग काय?

शेवटी लेकाला उठवलं. तो एकोणीस वर्षांचा, परवाना नवाकोरा. ‘‘आई, सरळ सांग ना त्यांना सकाळपर्यंत थांबायला,’’ असं पुटपुटत त्यानं गाडी काढली. कर्वे रस्ता, बंडगार्डनचा पूल, येरवडा, ५०९ चौक. दिवसा दीड तास खाणारा रस्ता रात्री पस्तीस मिनिटांत संपला. सतरा-अठरा किलोमीटर. बंगळुरूहून पुण्याला विमानाला दीड तास लागतो आणि पुढच्या सतरा किलोमीटरला अख्खी रात्र, हे गणित गाडीत बसल्याबसल्या मी सारखं करत होते.

मावशी एका खांबापाशी आपल्या बॅगेवर बसल्या होत्या. पण एकट्या नव्हत्या. त्यांच्या शेजारी पंचविशीची एक मुलगी, आणि साताऱ्याकडचे एक वयस्कर नवरा-बायको. आजींच्या पायावर मावशींची शाल होती. मधे राजगिऱ्याच्या वड्यांचं पुडकं उघडलेलं. पेशंट सांभाळणाऱ्या बाईला कोणी सांगावं लागत नाही, तिनं आपलं काम सुरू केलं होतं.

‘‘एकानं लई घोळ घातला ताई,’’ गाडीत बसल्यावर मावशी सांगू लागल्या. ‘‘हातात किल्ली फिरवत आला. म्हणाला, ‘मावशी चला, मी कोथरूडलाच चाललोय, दोनशे द्या.’ मी म्हटलं, तुला रे कसं कळलं मला कोथरूडला जायचंय? तुमच्याशी फोनवर बोलत होते ते ऐकलं असंल मेल्यानं. मग मी या पोरीजवळ येऊन बसले.’’

ती पोरगी कर्वेनगरला राहणारी, हिंजवडीत नोकरी करणारी. तिला आम्ही बरोबर घेतलं. सातारकर जोडप्यासाठी त्यांचा पुतण्या स्वारगेटहून निघाला होता, तो पोचेपर्यंत थांबलो.

खरं सांगते, घरून निघताना माझ्या मनात होतं की ही अडचण मावशींच्या अडाणीपणाची आहे. ॲप नाही, इंग्रजी नाही, कार्ड नाही. या मुलीकडे तर सगळं होतं. दोन ॲप, दोन कार्डं, इंग्रजी, हिंदी. तीन गाड्या रद्द झाल्या, चौथी शोधताना फोनची बॅटरी संपली, आणि मग ती आणि मावशी एकाच खांबाला टेकून बसल्या. ‘‘काकू, मी नेहमी बाबांना खोटंच सांगते, की टॅक्सी मिळाली म्हणून,’’ ती म्हणाली. ‘‘नाहीतर ते झोपत नाहीत.’’

घरी बसलेल्याचं काय होतं, ते तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. पूर्वी ‘पोचलीस की मिस्ड कॉल दे’ होतं. आता ‘गाडीचा नंबर पाठव’ आणि ‘लाइव्ह लोकेशन टाक’. मग आपण अंधारात त्या निळ्या ठिपक्याकडे डोळे लावून बसायचं. ठिपका येरवड्याला थांबला की इकडे छातीत धडधड. सिग्नल असतो तो, पण मन काय काय दाखवतं! माझी एक मैत्रीण म्हणते, मुलगी विमानात असते तेव्हा मी निर्धास्त झोपते, ती जमिनीवर आली की जागी होते.

हे कुठं बोललं की उत्तर तयारच असतं. ‘रात्रीचं विमान घ्यायचं कशाला?’ ‘बाईमाणसानं दिवसाउजेडी पोचावं.’ ‘घरच्यांनी आणायला जायला नको का?’ आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी तर मलाच ऐकवलं, ‘‘कामवाल्या बाईला विमानानं पाठवायची हौस कोणाला होती?’’ आता यावर काय बोलायचं! अहो काका, रात्रीचं तिकीट बऱ्याचदा स्वस्त असतं म्हणून माणसं ते घेतात. आणि मावशींचं विमान रात्रीचं नव्हतंच मुळी, संध्याकाळचं होतं. ते रात्रीचं झालं. उशीर विमानाचा, आणि जाब मात्र बाईनं द्यायचा. २०१७ मध्ये उडान योजनेतलं पहिलं विमान उडालं, तेव्हा हवाई चप्पल घालणाऱ्यानंही विमानात बसावं असं पंतप्रधान म्हणाले होते. बसली हो आमची मावशी, स्लिपर घालूनच बसली. उतरल्यावर त्या स्लिपरनं कुठं चालत जायचं, ते मात्र राहून गेलं.

दराचं घ्या. पुण्यात वातानुकूलित टॅक्सीचा दर जानेवारी २०२४ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २५ रुपये असा ठरवण्यात आला. सतरा किलोमीटरचे होतात सव्वाचारशे. ॲप मला दाखवत होतं तीनशे सत्तर. ड्रायव्हर मागत होता साडेसहाशे. यातला खरा आकडा कोणता, हे रात्री दीड वाजता कोणाला विचारायचं? रिक्षाचा हिशेब निराळा. पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे १७ रुपये, म्हणजे दोनशे नव्वदच्या आत-बाहेर, आणि रात्री बारानंतर त्याच्या सव्वापट. मी हे सगळं दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसून काढलं. रात्री खांबाला टेकून कोण काढणार? ज्याला दर ठाऊक नाही त्याला घासाघीस करावी लागते, आणि घासाघीस करायला मागे परत जायची वाट मोकळी असावी लागते. मंडईत आपण भाजीवालीला ‘राहू दे मग’ म्हणून पुढे जाऊ शकतो. तिथं पुढे जायचं कुठं?

बरं, ड्रायव्हरला शिव्या देऊन भागत नाही. मागे एकदा दुपारी एका टॅक्सीत बसले होते, तेव्हा त्या दादांना सहज विचारलं. ते म्हणाले, ‘‘मॅडम, विमानतळावर दोन-दोन, तीन-तीन तास नंबर लागायची वाट बघतो. आणि नंबर लागला की भाडं निघतं विमाननगरचं. दीड किलोमीटर! कंपनी कमिशन कापणार, पार्किंग वेगळं. गॅसचे पैसे सुटत नाहीत.’’ मग तो आधी विचारणारच, कुठं जायचंय म्हणून. लांबचं असलं तर परतीचं भाडं मिळेल का, हा घोर. जवळचं असलं तर तोटा. २०२५ च्या जुलैत मुंबई-पुण्यात ॲप टॅक्सीवाल्यांनी संप केला, तो याच दरापायी. सरकारनं ठरवलेला दर आम्हाला मिळू द्या, एवढंच ते म्हणत होते. म्हणजे बघा, प्रवाशाला दर माहीत नाही, ड्रायव्हरला परवडत नाही, आणि दोघांच्या मधे जे ॲप आहे ते रात्री दीड वाजता फोन उचलत नाही. भांडण मात्र त्या दोघांतच लागतं.

मला त्या किल्ली फिरवणाऱ्या माणसाची आठवण अजून येते. कदाचित तो साधा पोटार्थी टॅक्सीवाला असेल. मावशींना त्यानं सुखरूप घरी सोडलंही असतं. पण मावशींना ते ओळखायचं कशावरून? २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे स्वारगेट एसटी स्टँडवर फलटणच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका मुलीवर बलात्कार झाला. फिर्यादीत काय होतं ते आठवून बघा. ‘ताई’ अशी हाक मारून तिला सांगण्यात आलं, की तुमची बस इथं नाही, तिकडे लागलीय. ती विश्वास ठेवून गेली, आणि ती शिवशाही रिकामी होती. त्या वेळी अनेकांनी विचारलं, ती गेलीच कशी? मी विचारते, कुठली बस कुठं लागलीय हे पहाटे तिला खात्रीनं सांगणारं दुसरं कोण होतं तिथं? चौकशीच्या खिडकीत माणूस नसला की चौकशीचं काम बंद होत नाही, ते दुसरा कोणीतरी करायला लागतो.

म्हणून सध्या जी भाषा कानावर येते, की सगळं आता ॲपवर आहे, खिडक्या हव्यात कशाला, ती मला पटत नाही. माझे सासू-सासरे २००८ मध्ये नणंदेकडून, अमेरिकेहून परत आले. मुंबईच्या विमानतळावर रात्री दोनला उतरले. तेव्हा पुणेकरांना घरी आणून सोडणाऱ्या शेअर गाड्यांवर आपली भिस्त असायची. बाहेर एक माणूस हातात यादी घेऊन उभा. यादीतली दोन माणसं आणखी एका विमानानं यायची होती, म्हणून गाडी पावणेचारपर्यंत हलली नाही. सासरे तो किस्सा सांगताना दर वेळी नव्यानं चिडायचे. सासूबाई मात्र म्हणायच्या, ‘‘मी तर पेंगत होते बाकावर. यादीत नाव होतं ना आपलं!’’ दोन तास ताटकळल्या, पण त्यांना भीती वाटली नाही. उशीर आणि अनिश्चितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या एका वाक्यानं समजावलं. उशीर बाई सोसते. आपल्यासाठी कोणी येणार आहे की नाही, हेच ठाऊक नसणं सोसत नाही.

माझं माहेर बार्शीकडचं. लहानपणी पुण्याहून जाताना रात्रीच्या गाडीनं कुर्डुवाडीला उतरायचं. गाडीला उशीर ठरलेला. पण स्टेशनबाहेर एसटी उभी असायची, दिवे लावून. आई आम्हा तिघांना आणि वळकट्यांना ओढत पुलावरून यायची तेव्हा खालून कंडक्टर ओरडायचा, ‘‘आहे का अजून कोणी पुलावर?’’ कोणी आहे म्हटलं की तो घंटी द्यायचा थांबायचा. एसटी खिळखिळी, खिडकीला काच नाही, पण गाडी आल्याशिवाय ती हलायची नाही. आईनं त्या प्रवासाची कधी चिंता केलेली मला आठवत नाही. विमानतळाला याहून वेगळं काय हवंय? शेवटचं विमान जेव्हा उतरेल तेव्हा, मग ते अकराला उतरो की अडीचला, एक बस उभी असावी. ती घड्याळावर न निघता विमानावर निघावी. स्टेशन, शिवाजीनगर, डेक्कन, स्वारगेट असे चार थांबे घेतले तरी निम्म्या लोकांचे जीव भांड्यात पडतील.

हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांना मावशींनीच उत्तर दिलं. येताना बंगळुरूत आजींच्या लेकीनं त्यांना विमानतळाच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. ‘‘गार बस ताई. बॅगा ठेवायला जागा. कंडक्टरला एक अक्षर मराठी येत नव्हतं, पण बस थेट विमानाच्या दारात गेली. चुकायचा प्रश्नच नाही.’’ बंगळुरूचा विमानतळ २००८ मध्ये शहराबाहेर दूर देवनहळ्ळीला गेला. पण तिथं शहर परिवहनच्या वायु वज्र बस आहेत, त्या रात्रीच्याही धावतात. टॅक्सी मिळाली तर मिळाली, नाहीतर बस आहेच, हा आधार प्रवाशाला असतो. आणि माझा अंदाज, असा आधार असला की टॅक्सीवालाही जरा नरमाईनं बोलतो.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. पुण्यात नवं टर्मिनल २०२४ च्या जुलैत सुरू झालं, चकचकीत आहे. मेट्रो २०२४ च्या मार्चपासून वनाझहून रामवाडीपर्यंत जाते. आमच्या कोथरूडच्या दारातून निघून विमानतळाच्या पाचेक किलोमीटर अलीकडे सोडते. दिवसा मी जरूर तिनंच जाईन. पण रामवाडीला उतरून बॅग ओढत पुढं काय, हा प्रश्न आहेच, आणि रात्री मेट्रो झोपते. मुंबईत ऑक्टोबर २०२५ पासून विमानतळाखालच्या स्टेशनात बसून थेट कफ परेडला उतरता येतं. केवढी सोय! पण परदेशाहून येणारी पुष्कळ विमानं उतरतात मध्यरात्रीनंतर, आणि तेव्हा तिचीही शटर खाली असतात. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, पुरंदरला आणखी एक बांधायचं चाललंय. धावपट्टी किती लांब, प्रवासी किती कोटी, हे आकडे पेपरात रोज येतात. रात्री एकला उतरलेल्या बाईनं पनवेलला, ठाण्याला किंवा उद्या सासवडहून पुण्यात कसं यायचं, याचा आकडा मी शोधत असते.

स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून जे करतात, त्याचंही थोडं सांगते. १ जानेवारी २०१९ पासून नव्या टॅक्सी-बसना पॅनिक बटण आणि गाडी कुठं आहे ते कळवणारं यंत्र सक्तीचं झालं. तुमच्यापैकी किती जणींनी ते बटण पाहिलंय? मी एकदा मुद्दाम शोधलं, तर ते सीटच्या कव्हरखाली गेलं होतं. ड्रायव्हरदादा म्हणाले, लहान मुलं दाबतात हो. राज्यानं २०२४ मध्ये दहा हजार बायकांना पिंक ई-रिक्षा द्यायचं जाहीर केलं. छानच आहे. आमच्या गटातल्या दोघींनी अर्ज भरले. विमानतळावर रात्री पिंक रिक्षा ठेवा, असंही कोणी सुचवलं, तेव्हा त्यांतली एक पटकन म्हणाली, ‘‘आणि प्रवासी सोडून रात्री तीनला मी एकटी परत येऊ, त्याचं काय?’’ बटण काय आणि रंग काय, रस्ता बाईसाठी नीट असेल तरच त्यांचा उपयोग.

तर आम्ही गटातर्फे एक निवेदन तयार केलं. फार काही मागितलं नव्हतं. शेवटच्या विमानापर्यंत बस. प्रीपेडची एक खिडकी जिथं माणूस बसलेला असेल, रोख पैसे घेईल आणि छापील पावतीवर गाडीचा नंबर लिहून देईल. दराचा फलक, मराठीत, मोठ्या अक्षरात, बाहेर पडायच्या दारापाशी. आणि ज्यांची गाडी आली नाही त्यांना उजाडेपर्यंत बसता येईल अशी आतली जागा, शेजारी संडास आणि मोबाइल चार्ज करायची सोय. बाहेर पडायच्या दारावर एक पाटी, की गाडी ठरल्याशिवाय बाहेर जाऊ नका, परत आत येता येणार नाही.

निवेदन घेऊन ज्या कचेरीत गेलो, तिथल्या साहेबांनी ते वाचलं. मग आमच्या अकरा जणींकडे एकवार बघितलं. नऊवारी, पाचवारी, एकीच्या कडेवर नातू. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, ‘‘यातल्या किती जणी विमानानं प्रवास करता?’’

मावशींनी हात वर केला. एकच हात. साहेब हसले नाहीत, हे कबूल करायला हवं. ‘‘हे आमच्याकडे येत नाही, पुढे पाठवतो,’’ म्हणाले. पोच दिली, शिक्का मारून. तीन महिने झाले. मी दोनदा चौकशी करून आले. आमचा कागद कोणत्या टेबलावर लागलाय, ते दोन्ही वेळा वेगवेगळं सांगितलं.

त्या रात्री मावशींना मी चढावर, त्यांच्या दारापर्यंत सोडलं तेव्हा तीन वाजून गेले होते. सुनेनं कडी काढली. ती जागीच होती, हातात फोन. ‘‘आत्या, मला वाटलं...’’ म्हणाली आणि पुढचं बोललीच नाही.

आता पुढच्या महिन्यात मावशी पुन्हा बंगळुरूला चालल्यात. आजींनी बोलावलंय, पंधरा दिवसांसाठी. परतीचं विमान रात्री दहा पन्नासचं आहे. लेकीनं दिवसाचं शोधलं, पण ते दुप्पट महाग. मी म्हटलं, काही काळजी करू नका, मी आणि लेक येतो, नावाचा कागद हातात धरून दारासमोर उभी राहते. उशीर झाला तरी हलणार नाही.

मावशी म्हणाल्या, ‘‘या ताई. पण नाव जरा मोठ्या अक्षरात काढा. माझा चष्मा बॅगेत असतो.’’